थंडीत लावलेलं इपॉक्सी मे महिन्यात टायरला चिकटून का निघतं? ग्वाल्हेरच्या गॅरेजसाठी निदान आणि दुरुस्ती

डिसेंबरात गॅरेजच्या फरशीवर इपॉक्सी (कडक, चकचकीत लेप) होतं, आठ-दहा दिवसांत गाडी आत येते, होळीपर्यंत सगळं चकाचक. मग मे उजाडतो आणि पुढची चाकं जिथं टेकतात तिथला पंज्याएवढा थर टायरबरोबर उचलला जातो. ठेकेदार म्हणतो, टायर तापलेले होते. दुकानदार म्हणतो, कारागिरानं थिनर जास्त मारलं. पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी तोच माल पुन्हा लागतो आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा निघतो. थाटीपूर, सिटी सेंटरच्या नव्या बंगल्यांत ही तक्रार जेवढी आहे तेवढीच लश्करच्या जुन्या घरांत, जिथं अंगणावर छत घालून गाडीची जागा केलेली असते.

टायर तापतात हे खरं, पण ते फक्त निमित्त. बिघाड झालेला असतो डिसेंबरातच, थर लावल्यानंतरच्या पहिल्या दोन रात्रींत.

इपॉक्सी रंगासारखं वाळत नाही. त्याचे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर, यांची रासायनिक जोडणी होऊन ते घट्ट होतं, आणि तापमान १० अंशांनी उतरलं की या जोडणीचा वेग साधारण निम्म्यावर येतो. नेहमीचा हार्डनर असेल तर १० अंशांच्या खाली काम जवळजवळ थांबतंच. जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा पाच-सात अंशांवर येतो. थर वरून कडक लागतो, नखही रुतत नाही, पण जोडणी अर्धवट राहिलेली असते. बहुतेक घरगुती इपॉक्सी ४५ ते ६० अंशांच्या दरम्यान मऊ पडायला लागतं, आणि तेही त्याला साधारण २५ अंशांत सात दिवस मिळाले असतील तर. थंडीत अर्धवट राहिलेला थर त्याहून बराच आधी मऊ पडतो. मे महिन्यात आग्रा-मुंबई हायवेवरून घरी आलेल्या टायरचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे सहज जातो. तापलेलं रबर मऊ थरात रुततं, गार होताना आकसतं आणि थराला ओढतं. खालची पकड कच्ची असेल तर थर सुटतो.

निघालेला तुकडा फेकू नका

अर्धं निदान त्या तुकड्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं. तो उन्हात धरून पाहा.

पाठीवर सिमेंटची राखाडी भुकटी चिकटून आली असेल तर इपॉक्सीची पकड ठीक होती, फरशीचा वरचा थरच कच्चा होता. आयपीएस (जागेवर ओतून घोटलेल्या सिमेंटच्या) फरशीवर हे फार होतं, कारण शेवटी कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटाई केलेली असते. दिसायला गुळगुळीत, पण तो पापुद्रा खालच्या काँक्रीटशी नीट बांधलेला नसतो. तो ग्राइंडरनं काढल्याशिवाय वर काहीही लावा, निघणारच.

पाठ स्वच्छ आणि चकचकीत असेल तर थर फरशीत शिरलाच नव्हता. कारणं तीन: घासणी झाली नाही, तेल होतं, किंवा लावताना फरशीवर दव होतं. तेल असेल तर तुकडे गाडीच्या इंजिनाखालच्या जागेतून निघतात. दव असेल तर दाराजवळच्या पट्ट्यातून किंवा सगळीकडून.

तुकड्याच्या पाठीवर आधीच्या कोटाचाच रंग असेल आणि फरशीवरही तोच रंग शिल्लक असेल, तर दोन कोट एकमेकांपासून सुटलेत. थंडीतलं काम असेल तर इथं दोष बहुधा अमाइनच्या (हार्डनरमधल्या रसायनाच्या) मेणचट थराचा. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण ग्वाल्हेरात सर्वांत जास्त वेळा हाच सापडतो आणि सर्वांत कमी वेळा ओळखला जातो.

फुगे आले असतील आणि टोचल्यावर पाणी किंवा चिकट द्रव निघाला, तर ओल जमिनीतून वर येते आहे. त्याचा थंडीशी संबंध नाही.

राहिला प्रश्न थर कच्चा आहे का याचा. न निघालेल्या जागेवर ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या कपड्यानं वीसेक वेळा घासा. कपड्याला नुसती छटा लागली तर चिंता नाही. रंग भरभरून उतरला किंवा घासलेली जागा नखाला मऊ लागली, तर थर कच्चा आहे. हातमोजे घाला आणि जवळपास विडी-सिगरेट, पेटती चूल नको.

धुकं उठतं तेव्हाच फरशी ओली होते

सगळे हवेचं तापमान पाहतात. पाहायचं असतं फरशीचं.

धुक्याचे चार-पाच दिवस सलग गेले की सावलीतली फरशी दुपारीही १०-११ अंशांवरच राहते. पाचव्या दिवशी ऊन पडतं, हवा १८ अंशांवर जाते, ठेकेदार खूश होऊन माल कालवतो. पण हवेत धुक्याचा दमटपणा तसाच असतो. १८ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं ते, सुमारे साडेबारा अंश येतो. फरशी ११ अंशांवर, म्हणजे तिच्यावर दव धरतंय. डोळ्यांना काही दिसत नाही, हात फिरवला तर फक्त गार लागते. ऊन पडल्याबरोबर काम सुरू करणं म्हणजे आठवड्यातला सर्वांत वाईट मुहूर्त साधणं.

हे मोजायला दोन वस्तू लागतात: बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर आणि साधा डिजिटल आर्द्रतामापक. दोन्ही ऑनलाइन मिळतात, आणि दोन्हींची किंमत इपॉक्सीच्या एका डब्यापेक्षा कमी असते. दवबिंदू काढायचा तोंडी हिशेब असा: १०० मधून आर्द्रता वजा करा, उत्तराला पाचनं भागा, जे येईल ते हवेच्या तापमानातून वजा करा. हवा १२ अंश, आर्द्रता ९०: दहा भागिले पाच म्हणजे दोन, दवबिंदू १० अंश. आर्द्रता पन्नासच्या वर असेपर्यंत हा हिशेब कामापुरता बरोबर येतो. फरशी दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवी आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. लावताना तर हवीच, पण लावल्यानंतरची रात्रभरही हवी. दुपारी दोनला सगळं जुळतं, रात्री दहाला फरशी उतरते आणि अर्धवट थरावर दव बसतं. म्हणून हिवाळ्यात काम सकाळी ११ च्या आधी सुरू करू नये आणि दुपारी २ नंतर शेवटचा डबा कालवू नये.

इथं एक उलटं वाटणारं सांगायला हवं. इपॉक्सी फरशी गार होत असताना, म्हणजे संध्याकाळी लावावं, असं बरेच जाणकार सांगतात. काँक्रीट तापत असताना आतली हवा फुगून वर येते आणि थरात टाचणीएवढी भोकं पडतात, म्हणून. ऑक्टोबरात उन्हाच्या पोर्चमध्ये तो सल्ला बरोबर आहे. जानेवारीत बंद गॅरेजमध्ये फरशी फारशी तापतच नाही, तिथं भोकांपेक्षा दवाची धास्ती मोठी.

मेणचट थर: दिसत नाही, पण दुसरा कोट धरू देत नाही

हार्डनरमधलं अमाइन रेझिनशी जोडलं जायला हवं. थंडीत ते काम रेंगाळतं, आणि मोकळं राहिलेलं अमाइन वर येऊन हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी जोडलं जातं. त्यातून वर एक तुकतुकीत, कधी चिकट, कधी पांढुरका पदर तयार होतो. कारागिराला वाटतं अजून वाळलं नाही; एक दिवस थांबून तो त्यावरच दुसरा कोट मारतो. तो कोट पहिल्या कोटाला नाही, या पदराला चिकटतो.

ओळखायचं कसं? पृष्ठभाग ओला करून त्यावर पीएच पट्टी ठेवा. ९-१० च्या वर गेली तर पदर आहे. पट्टी नसेल तर सरळ धुऊन टाका, नुकसान काही नाही. कोमट पाणी, दोन-चार थेंब भांडी घासायचं लिक्विड, आणि हिरवी घासणी. पदर पाण्यात विरघळतो. धुतलेलं पाणी जागीच वाळू देऊ नका, पुसून किंवा व्हॅक्यूमनं उचला, नाहीतर तोच पदर पुन्हा पसरून बसेल. मग साध्या पाण्याचे दोन हात. पूर्ण कोरडं झाल्यावर ८० ते १२० नंबरच्या पॉलिशपेपरनं चमक जाईपर्यंत घासा आणि धूळ उचला. क्रम महत्त्वाचा आहे: आधी धुणं, मग घासणं. आधी घासलं तर पदर ओरखड्यांत दाबला जातो. थिनरच्या फडक्यानं पुसणं तर निरुपयोगीच, तो पदर थिनरनं इकडून तिकडे सरकतो एवढंच.

शेगडी आणि गॅसचा हीटर गॅरेजमध्ये नको

फरशी गार आहे म्हटल्यावर कोणीतरी कोळशाची शेगडी आणतो किंवा सिलेंडरवरचा हीटर लावतो. एक लिटर रॉकेल जळलं की एक लिटरहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. एक किलो एलपीजीतून दीड किलोच्या वर. १० बाय १८ फुटांच्या, १० फूट उंच गॅरेजमधली सगळी हवा १५ अंशांना जास्तीत जास्त साडेसहाशे ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे लिटरभर रॉकेलनं गॅरेज गरम करताना तिथं मावेल त्याहून जास्त पाणी आपणच ओततो, वर कार्बन डायऑक्साइड फुकट. मेणचट पदराला हेच दोन पदार्थ लागतात. कोळशाच्या शेगडीत पाणी कमी, पण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडनं जीव जातो.

विजेचा हीटरच वापरा, आणि आदल्या संध्याकाळपासून. ४ इंच जाड, १८० चौरस फूट काँक्रीट एका अंशानं तापवायला जवळपास एक युनिट लागतं, जमिनीत आणि दाराबाहेर जाणारी उष्णता वेगळी. ११ वरून १८ वर आणायचं तर एका दोन किलोवॅटच्या हीटरनं दोन तासांत होणार नाही. दोन हीटर, दाराला आतून पन्नी किंवा ताडपत्री, आणि रात्रभर. हवा गरम झाली म्हणून फसू नका, बंदूक फरशीवरच रोखा, आणि कोपऱ्यांत व दाराच्या पट्ट्यात वेगळं मोजा. तिथं दोन-तीन अंश कमीच निघतात. लावून झाल्यावर हीटर आणखी किमान ४८ तास चालू हवेत, पण त्यांचा झोत ताज्या थरावर थेट नको.

‘थंडी आहे, हार्डनर जरा जास्त टाक’

हे वाक्य ऐकलं की काम थांबवा. हार्डनर वाढवून वेग वाढत नाही. जेवढं रेझिन आहे तेवढ्यालाच तो जोडला जातो, उरलेला थरात मोकळा राहतो, थर कायमचा मऊ ठेवतो आणि मेणचट पदराला खतपाणी घालतो. तापमानामुळे कच्चा राहिलेला थर ऊब मिळाल्यावर बऱ्याच अंशी पुढे पिकतो. प्रमाण चुकलेला थर कधीच पिकत नाही. तो खरवडूनच काढावा लागतो. डब्यावर प्रमाण वजनानं दिलंय की मापानं, हे वाचा, दोन्ही एक नसतात. अर्धा डबा कालवायचा असेल तर ग्रॅमचा काटा हवा, अंदाज नको.

थिनरचंही तेच. गार रेझिन घट्ट होतं, रोलरला जड जातं, म्हणून थिनर ओतलं जातं. थंडीत ते उडून जात नाही, थरात अडकतं. त्याऐवजी डबे आदल्या दिवसापासून घरात, २० ते २५ अंशांत ठेवा. रेझिनमध्ये मध थिजावा तसे पांढरे दाणे धरले असतील तर माल खराब झालेला नाही: झाकण सैल करून डबा ५०-५५ अंशांच्या पाण्यात ठेवा, दाणे पूर्ण विरघळू द्या, आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच हार्डनर घाला. गरम रेझिनमध्ये घातलात तर बादलीतच धूर निघेल.

कालवताना ड्रिलचा वेग ३०० ते ४०० फेरे, वेळ तीन मिनिटं, मध्ये एकदा बादलीच्या कडा आणि तळ खरवडून. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून आणखी एक मिनिट. ही दुसरी बादली टाळली की तळाचं न कालवलेलं रेझिन शेवटच्या पट्ट्यात जातं, आणि तिथं वीतभर जागा महिनाभर चिकट राहते. हिवाळ्यासाठी कमी तापमानाचा हार्डनर वेगळा मिळतो, बहुधा फेनाल्कामाइन जातीचा. तो ५ अंशांपर्यंत काम करतो आणि मेणचट पदरही कमी धरतो. त्याचा रंग पिवळट असतो, म्हणून तो प्रायमरला आणि खालच्या कोटाला वापरावा, फिकट रंगाच्या वरच्या कोटाला नाही.

दुरुस्ती: किती काढायचं, किती ठेवायचं

सुटलेल्या जागेच्या भोवती चाकूनं इंग्रजी एक्सच्या आकाराचा चिरा द्या आणि टोकानं उचकटा. थर सहज उचलला गेला तर आणखी फूटभर पुढे जाऊन पुन्हा चिरा द्या. जिथं थर तुटतो पण सुटत नाही, तिथपर्यंत काढा. निम्म्याहून जास्त गॅरेज सुटत असेल तर ठिगळ लावू नका, सगळं काढा.

थर घट्ट आहे पण ॲसिटोनला कच्चा निघाला, तर घाई नको. गाडी बाहेर ठेवा, हीटरनं फरशी २५-३० अंशांवर तीन दिवस धरा किंवा सरळ एप्रिलची वाट पाहा, मग पुन्हा कपडा घासून बघा.

काढलेल्या जागी आधी तेल. तेलकट फरशीवर ग्राइंडर फिरवला तर तेल खोल चोळलं जातं, म्हणून डिग्रीजरनं (तेल काढणाऱ्या द्रवानं) घासून, धुऊन, पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर तेल आहे, पसरून मुरला तर पुढे चला. नंतर डायमंड कप लावलेला ग्राइंडर, व्हॅक्यूमसह. बोटांना बारीक पॉलिशपेपरसारखी खरखर लागली पाहिजे. तोंडाला एन-९५ मास्क हवाच, काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. ॲसिडनं धुण्याचा जुना रिवाज हिवाळ्यात तर नकोच: तेलावर ते चालत नाही, आणि धुतलेली फरशी जानेवारीत आठवडाभर वाळत नाही.

ओलीची तपासणी याच टप्प्यावर. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक पन्नी चारी बाजूंनी टेपनं चिकटवा, किमान १६ तास ठेवा. खाली थेंब धरले किंवा काँक्रीट काळपटलं तर जमिनीतून ओल येते आहे. नव्या काँक्रीटला २८ दिवस झालेच पाहिजेत. जुन्या घरात भिंतीच्या पायथ्याला लोणा फुटलेला असेल आणि फरशीखाली ओल अडवणारा थर घातलेला नसेल, तर आमचं स्पष्ट मत असं की तिथं इपॉक्सी करूच नये. खरखरीत कोटा दगडाच्या लाद्या घाला, स्वस्त पडेल आणि टिकेल.

माल किती लागेल? १० बाय १८ फूट म्हणजे १६.७ चौरस मीटर. घासलेल्या काँक्रीटवर प्रायमर चौरस मीटरला २०० ग्रॅम धरा, म्हणजे साडेतीन ते चार किलो. रोलरचा प्रत्येक कोट १५० मायक्रॉन जाडीचा, शंभर टक्के सॉलिड (ज्यातलं काही उडून जात नाही असा) माल असेल तर अडीच लिटर. सांडलवंड धरून तीन, दोन कोटांना सहा लिटर. दोन मिलिमीटरचं सेल्फ लेव्हलिंग (ओतल्यावर आपोआप सपाट होणारा जाड थर) करायचं तर ३३ लिटर, म्हणजे साधारण ५० किलो. चार लिटरच्या डब्यात दोन कोट होतील असं दुकानदार म्हणाला तर डब्यावर घनमानानं सॉलिड किती टक्के ते बघा. ५० टक्के असेल तर दोन्ही कोट मिळून हातात १२० मायक्रॉनच पडतात. टायरखाली ते पुरत नाही.

दोन कोटांमधला वेळ डब्याच्या माहितीपत्रकात बहुधा २५ अंशांना दिलेला असतो. १२-१५ अंशांना तो दुपटीहून जास्त धरा. एक दिवस उलटून गेला असेल तर धुवा, घासा, मग लावा. आणि गाडी: २५ अंशांत सात दिवस, हिवाळ्यात हीटर नसेल तर तीन आठवडे. या एकाच गोष्टीत घरमालक घाई करतो, दोष कारागिराला मिळतो.

मनाली-लेहकडे किंवा कॅनडासारख्या खऱ्या थंड मुलखात गणित वेगळं असतं. तिथं गाडीबरोबर बर्फ आत येतं, काही ठिकाणी रस्त्यावर टाकलेलं मीठही, आणि फरशी शून्याच्या आसपास असते. अशा ठिकाणी पॉलिॲस्पार्टिक नावाचा वेगळा लेप वापरतात, जे शून्याखालीही पिकतं. आपल्याकडे जानेवारीत काम टाळताच येत नसेल तर तोही पर्याय आहे, पण कालवल्यावर हाती १५-२० मिनिटंच असतात, आणि तयारीतली चूक ते झाकत नाही. दार उघडं राहून ऊन येणाऱ्या पोर्चमध्ये इपॉक्सी पिवळं पडतं. तिथं वरचा कोट ॲलिफॅटिक पीयूचा (उन्हात पिवळा न पडणाऱ्या पॉलियुरेथेनचा) द्या.

मुहूर्तच काढायचा तर ग्वाल्हेरात दसऱ्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, किंवा फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. दिवाळीआधी करायचं असेल तर पावसाची ओल उतरली आहे का, हे पन्नी लावून बघा, कॅलेंडर बघून ठरवू नका.